चर्चा धागा: इंटर्नने स्वतःहून चूक सांगितली, तर त्याला झापायचं का?

भूलतज्ज्ञ (मूळ धागा)
इंटर्नची नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी हजेरी, ड्यूटीचा तक्ता आणि सह्या कुठे करायच्या, एवढं सांगून होतं. रुग्णसुरक्षेच्या वाट्याला फार तर एक लेक्चर. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनचं) अँप्युल द्यावं. 10 मिली, 15 टक्के, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. ते सरळ शिरेत सोडलं तर हृदय थांबतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चालू, उलट्या टांगलेल्या सलाईनमध्ये ते टोचलं तर जड असल्यामुळे बाटलीच्या तोंडाशी साचतं आणि सुरुवातीलाच घट्ट मात्रेत नळीत उतरतं. मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचा थेंब मिसळून टोचलं तर निळा थर खाली बसलेला डोळ्यांना दिसतो. म्हणून सलाईनची नळी बंद, बाटली खाली, केसीएल घालून आठ-दहा वेळा उलटसुलट, लेबल, मग टांगायची. हाताच्या शिरेतून साधारणपणे ताशी 10 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही.

दुसरी गोष्ट वृत्तीची. ज्याने चूक लगेच सांगितली, त्याला राऊंडवर सगळ्यांसमोर झापू नये. पोटॅशियम जास्त गेलं असेल तर सलाईन बंद करणं, ईसीजी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट यांना मिनिटांचा हिशेब असतो. ती मिनिटं भीतीपायी जातात.

सर्जरीवाले
तीव्र असहमती. धाक गेला की शिस्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची शस्त्रक्रियेची तपासणी यादी घ्या, 19 मुद्दे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले होते. आपल्याकडे ती कशी भरतात? टाके घालून झाल्यावर एकाच पेनाने, एका दमात 19 खुणा. याला ‘यंत्रणेची चूक’ म्हणायचं का? हा खोटेपणा आहे आणि तो कोणाकडून तरी होतो.

शिवाय कायदा पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर डॉक्टरलाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. इंटर्नने प्रामाणिकपणे कागदावर कबुली दिली आणि ती नातेवाइकांच्या हाती लागली, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार?

रक्तपेढी
सर, तुमच्या उदाहरणात नियम ठाऊक असून डावललाय. तिथे कारवाई हवीच. पण क्रॉसमॅचचा बल्ब घ्या, म्हणजे रक्त जुळवून पाहण्यासाठी रुग्णाचा नमुना घेतात ती नळी. इंटर्न घाईत चार बल्बांवर आधीच नावं लिहून ठेवतो आणि मग खाटाखाटांवर फिरतो. मध्येच एका रुग्णाला सोनोग्राफीला नेतात, त्या खाटेवर दुसरा येतो. इंटर्न विचारतो, “शिंदे ना?” दमलेला माणूस मान डोलावतो. झाला गट चुकीचा. हे त्याने कुठून उचललं? आदल्या तुकडीकडून.

शिकवायचं ते एवढंच: एका वेळी एकच रुग्ण, “तुमचं पूर्ण नाव सांगा” असा प्रश्न, केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक आणि रक्त काढल्यावर तिथेच, खाटेजवळ उभं राहून लेबल. पहिल्यांदाच आलेल्या रुग्णाचा गट दुसऱ्या, वेगळ्या वेळी काढलेल्या नमुन्यावर पडताळायचा. बल्ब बदलल्याची शंका आली म्हणून कोणी स्वतः रक्तपेढीत फोन केला आणि आम्ही खेकसलो, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही. चुकीच्या रक्ताची पिशवी लागेल.

वॉर्ड सिस्टर
दोघांनाही एक सांगते. इंटर्नना सिस्टरने अडवलं की अपमान वाटतो; तो आधी काढा. इन्सुलिन ‘10’ लिहून पुढे इंग्रजी यू काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि 100 वाचलं जातं. ‘युनिट’ पूर्ण लिहा. व्हायल (इन्सुलिनची बाटली) एका मिलीत 40 युनिटची की 100 ची ते पाहा: लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. 100 ची व्हायल लाल सिरिंजमध्ये भरली तर अडीचपट डोस जातो. तोंडी ऑर्डर देताना ‘फिफ्टीन’, ‘फिफ्टी’ नको. ‘एक-पाच’, ‘पाच-शून्य’ म्हणा आणि सिस्टरने उलट म्हणून दाखवेपर्यंत हलू नका. आणि सर, रात्री तीनला फोन केला म्हणून इंटर्नला बोलणी बसतात, ती कोणत्या शिस्तीत बसतात?

सर्जरीवाले
फोनचा मुद्दा मान्य. फोन केल्याबद्दल कोणालाही ओरडायचं नाही, हे युनिटच्या भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. कागदाचं काय?

भूलतज्ज्ञ
दोन कागद वेगळे. केसपेपरवर फक्त घडलेलं: वेळ, औषध, मात्रा, नाडी-बीपी, काय केलं, कोणाला कळवलं. ‘माझी चूक’, ‘सिस्टरची चूक’ असले शेरे नाहीत. खाडाखोड तर नाहीच. चुकीचं लिहिलं गेलं तर त्यावर एक रेघ, सही, वेळ. चूक कशी घडू शकली, याचा फॉर्म निराळा, बिननावाचा, आणि तो महिन्याच्या बैठकीत वाचायचा. रुग्णाला मात्र सांगायचंच, आणि ते वरिष्ठांनी. इंटर्नला एकट्याला नातेवाइकांसमोर उभं करायचं नाही.

सर्जरीवाले
चालेल. पण यादी न पाहता खुणा करणाऱ्याला मी झापणार. सगळ्यांसमोर नाही, खोलीत बोलावून. आणि पहिल्यांदा माझ्या रजिस्ट्रारला, म्हणजे इंटर्नच्या वरच्या डॉक्टरला, कारण इंटर्न त्याचंच बघून शिकतो.