रिसेल फ्लॅटच्या भिंतींवर सगळीकडे ठिगळं, वरून रंग मारू की आधी खरवडू?

चिऊचीआई
नमस्कार मंडळी, गोरेगाव पश्चिमेला रिसेलचा वन बीएचके घेतलाय, बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला. घर बघायला आलो तेव्हा भिंती ताज्या रंगवलेल्या होत्या, छान वाटलं. आता राहायला आल्यावर संध्याकाळी लाइट लावली की खरा प्रकार दिसतो. एसी आणि नवीन स्विचबोर्डसाठी हॉलमध्ये जिथे जिथे झिरी मारलीय (वायर-पाइपसाठी भिंतीत चर खोदून परत बुजवलाय) तिथे वरपासून खालपर्यंत पट्टे उठून दिसतात, कुठे फुगवटा कुठे खोलगट, पट्ट्याच्या कडेने बारीक भेग आणि रंग तेवढ्या भागात वेगळाच चमकतो. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली पोपडे निघतायत, नखाने उचललं की अख्खा पापुद्रा हातात येतो आणि मागे पांढरी भुकटी. पॅसेजमध्ये कंबरेपर्यंत जुना ऑइल पेंट होता, त्याच्यावरच डायरेक्ट प्लास्टिक पेंट मारलाय, तोही सुटतोय.

रंगारी बघून गेला, म्हणतो ताई टेन्शन घेऊ नका, पुट्टीचा एक हात, रंगाचे दोन हात, गणपतीच्या आत सगळं झाकून देतो. घरचे म्हणतात करून टाकू. मला ते "झाकून देतो" काही पटत नाहीये. मुलगी तीन वर्षांची आहे आणि घरात राहूनच काम करायचंय. सगळं घर खरवडावं लागेल का?

साईटवाला
ताई, तुमची शंका बरोबर आहे, झाकायचं काम आधी एकदा झालंय आणि तेच आता बाहेर येतंय. पण सगळं घर खरवडायचीही गरज नाही, प्रत्येक भिंतीचं दुखणं वेगळं आहे.

बेडरूमची भिंत आत्ता पावसाळ्यात अजिबात रंगवू नका, गणपती येवोत नाहीतर आणखी काही. मुंबईत पाऊस झोडपतो तो पश्चिमेकडूनच, ती भिंत आतून ओली आहे आणि मागची पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार पुट्टीच्या मागे साठतात आणि पुट्टीला ढकलून देतात, मग वरची पुट्टी कितीही महागाची असू दे. खात्री करायची असेल तर पोपडे काढून फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय.

आता पाणी येतंय कुठून ते शोधा. खिडकीखालीच आहे म्हणता तर आधी स्लायडिंगचा खालचा ट्रॅक बघा. त्याला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात, ती धूळ आणि कबुतराच्या घाणीने बुजतात, मग ट्रॅकमध्ये पाणी तुंबतं आणि कोपऱ्यातून भिंतीत उतरतं. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता, बाहेर गेलं तर ठीक, तसंच उभं राहिलं तर चोर सापडला. दुसरं म्हणजे खिडकीचा दगड आणि भिंत यांच्यातली फट. ते दोन्ही ठीक असेल तर मग बाहेरच्या प्लास्टरला भेग किंवा गच्चीचं पाणी.

गिरगावकर
बाहेरची भेग किंवा गच्ची निघाली तर खर्च तुम्ही करू नका, सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, फोटो जोडा. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने करायची असते, संडास बाथरूम सिंकची आतली गळती सभासदाची. सेक्रेटरी तोंडी "बघू" म्हणतात आणि पुढचा पावसाळा येतो, म्हणून लेखीच द्या.

आणखी एक, आमच्याकडे चाळीत भिंतींवर चुन्याचे आणि डिस्टेंपरचे (जुना खडूसारखा स्वस्त रंग) थरावर थर असतात, तुमच्याकडेही पुट्टीखाली जुना डिस्टेंपर तसाच ठेवलेला असू शकतो. ओला हात फिरवून बघा, तळहाताला खडूसारखं लागलं तर त्यावर मारलेलं काहीही टिकणार नाही. तेवढा भाग पाणी मारून रंगाऱ्याच्या पत्र्याने (खरवडायची पट्टी) खरवडून काढायचा, तिथे दयामाया नाही.

परळकरीण
पॅसेजबद्दल कोणी बोललं नाही अजून आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय कारण घरात लहान मूल आहे!! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, तुमच्या बिल्डिंगमधला तो पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा असणार. तो कोरडा घासला तर भुकटी सगळ्या घरात बसते, मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. त्यामुळे मशीनने घासू देऊ नका, ब्लो टॉर्चने जाळू देऊ नका. सुटलेला रंग पाणी मारून काढायचा, बाकीच्याची चमक जाईल इतकंच वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) ओलं घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, मग त्यावर ऑइल पेंटला धरेल असा प्रायमर आणि मग रंग. जिथे ऑइल पेंट घट्ट बसलाय तिथे तो उकरू नका, वरून बंद करणं जास्त सुरक्षित. ते काम होईपर्यंत चिऊला आजीकडे पाठवा, जमिनीवर प्लास्टिक घाला, झाडू मारू नका तर ओलं पुसा, आणि घासणाऱ्या माणसालाही एन ९५ मास्क द्या, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्यांनाही घरी पोरं असतात.

चिऊचीआई
बाप रे, शिशाचं माहीतच नव्हतं, खूप खूप आभार ताई. पॅसेजला हात लावायच्या आधी तिला नक्की पाठवते.

साईटवाला दादा, ट्रॅकमध्ये पाणी ओतलं, तसंच उभं राहिलं! पिनने उकरल्यावर भोकातून काळा चिखल निघाला आणि मग पाणी गेलं. दगडाखाली फट पण आहे. ती भिंत आता पाऊस संपेपर्यंत उघडीच ठेवते. पण मग हॉल तरी आत्ता करू का? आणि ते पट्टे पुन्हा दिसू नयेत म्हणून नक्की काय करायचं?

साईटवाला
वा, छान! फट साफ करून बाहेरून चांगलं सीलंट भरा, पण पूर्ण कोरड्या दिवशी. बेडरूमची भिंत ऑक्टोबरच्या उन्हात सुकू दे, लोणा कोरड्या ब्रशने झाडत रहा, पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. प्लास्टिकची टेस्ट कोरडी आली की मगच पुट्टी.

हॉलची भिंत आतली असेल आणि ओल नसेल तर आत्ता करता येईल, फक्त सुकायला वेळ जास्त द्या. आधी रात्री बाकीचे दिवे बंद करून टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवी धरा, प्रत्येक उंचवटा सावलीत दिसेल, पेन्सिलने गोल करत जा. मग पट्ट्यांवर बोटाच्या पेराने ठोका. बद्द पोकळ आवाज आला तर झिरीतला माल (बुजवायला भरलेलं सिमेंट किंवा पीओपी) सुटलाय, तो काढून नव्याने भरायचा. झिरी एका दमात काठोकाठ भरली की माल सुकताना आक्रसतो आणि कडेने भेग पडते, तुमची भेग तीच आहे. धूळ झाडायची, पाणी मारायचं, थोडा खाली ठेवून भरायचा, दुसऱ्या दिवशी वरचा थर आणि त्यात जाळी दाबायची, दोन्ही बाजूंना जुन्या प्लास्टरवर चढेल इतकी रुंद. सिमेंटचा माल असेल तर आठवडाभर पाणी मारा आणि रंगाआधी महिनाभर सुकू द्या. इतका वेळ नाही म्हणून लोक पीओपी भरतात, कोरड्या आतल्या भिंतीला चालतं, पण बाथरूमच्या मागच्या भिंतीला पीओपी नको, पाणी लागलं की मऊ पडतं.

पुट्टीने खड्डे भरू देऊ नका. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपासच मारायची असते, जाड मारली की तडकते. ठिगळ दिसतं ते मुख्य म्हणजे पुट्टी फक्त पट्ट्यावर मारतात म्हणून. ती दोन्ही बाजूंना फूट दीड फूट पसरवत शून्यावर आणायची, म्हणजे डोळ्याला उतार कळत नाही. घासून झालं की पूर्ण भिंतीला प्रायमर, आणि प्रायमर सुकल्यावर पुन्हा टॉर्च. राहिलेले खड्डे तेव्हाच दिसतात, तिथे टचअप करून त्या जागी परत प्रायमर. रंगारी इथेच कंटाळा करतात, आणि तुमचा तो वेगळा चमकणारा भाग त्यामुळेच, उघडी पुट्टी रंग जास्त पिते. शेवटचे दोन हात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला, मध्येच थांबायचं नाही. आणि या भिंतींना मॅट फिनिशच घ्या, चमकदार रंगात सगळं दिसतं.

गिरगावकर
पैसे पण त्याच टप्प्यांवर द्या, खरवडून झालं की थोडे, प्रायमरनंतर टॉर्च मारून बघितल्यावर थोडे, उरलेले शेवटी. हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा म्हणजे कुरबुर होत नाही.

चिऊचीआई
आज रंगाऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला एवढं करायचं तर लेबर जास्त पडेल पण करतो. पूर्ण काम आणि टप्प्याने पैसे असं लिहून घेतलंय. हॉलला रंग किती लागेल ते तो अंदाजे सांगतोय, कमी पडला तर नंतर आणता येईल ना?

साईटवाला
नंतर आणू नका, दुसऱ्या वेळी मशीनवर केलेला शेड किंचित वेगळा येऊ शकतो. लिटरभर जास्तच घ्या, सगळे डबे एकदम टिंट करून घ्या, आणि वापरण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला सांगा.