व्याख्यानमाला बंद करून ती ताकद ग्रामसभेकडे वळवावी का?

बांधावरचा

प्रबोधनाच्या नावाखाली तालुक्याच्या गावी दर हिवाळ्यात तीन-चार दिवसांची व्याख्यानमाला होते. तिच्यावरचे पैसे आणि माणसं दुसरीकडे लावावीत असं माझं मत आहे. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं त्यात आलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एका सभेने जे केलं ते किती व्याख्यानांनी केलं असतं?

उलट व्याख्यानाची संध्याकाळ बघा. वेळ सातची, सुरुवात साडेसातला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ, आणि तेही वक्त्याबरोबर मांडववाला, देणगीदार, मागच्या वर्षीचे अध्यक्ष सगळ्यांना. वक्ता माइकपाशी पोचतो सव्वाआठला. समोर तेच चेहरे, ज्यांना हे सगळं आधीच पटलेलं असतं. प्रश्नोत्तरांना 'वेळेअभावी' फाटा.

पेठकरी

सत्कारांबद्दल शंभर टक्के मान्य, बाकी निष्कर्ष घाईचा वाटतो. रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा विधवाविवाहाचा कायदा होऊन 19 वर्षं झाली होती. कायदा 1856 चा. मुंबईतला पहिला गाजलेला विधवाविवाह 1869 चा, म्हणजे कायद्यानंतर 13 वर्षांनी. विष्णुशास्त्री पंडितांनी मधली वर्षं लेख, भाषणं, शास्त्रार्थ यांत घातली म्हणून तो झाला. नुसता ठराव आणि नुसता कायदा दोन्ही कपाटात पडून राहतात. बोलणारा माणूस हिंडायला लागतो, मग ते बाहेर येतात.

बांधावरचा

रानड्यांचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर चहा-बिस्किटं आली, आणि ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणजे तेव्हा धर्म बाटणं. हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचा वाद) पेटलं, आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. व्याख्यानमालेच्या संस्थापकाला एक कप चहा निभावता आला नाही. पुढच्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकलं, तरी ते हटले नाहीत. भाषण ऐकून लोक बदलले का कृती बघून?

पेठकरी

कर्व्यांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, त्याला पैसा कुठून आला? गावोगाव हिंडून, सभा घेऊन, वर्गणी मागून. कर्वे फर्डे वक्ते नव्हते, पण त्यांच्या भाषणाला एक ठरलेलं टोक असायचं: अमुक मुली आहेत, एवढा खर्च आहे, तुम्ही काय देता? आजच्या व्याख्यानाला असं टोक नसतं, हा आयोजकांचा दोष. त्यासाठी माध्यमच मोडीत कशाला काढायचं?

तिसरी रांग

दोघेही मंचाबद्दल बोलताय. बांगड्या कुठे फुटतात ते कोणी बोलेना. तिरडी उचलायच्या आधी अर्धा-पाऊण तास, घरातल्या आतल्या खोलीत, आणि फोडणाऱ्या बायकाच असतात, बहुतेक वेळा नात्यातल्या स्वतः विधवा असलेल्या. त्या बाईला 'आमच्या वेळी केलं, हिचं का नको' असं वाटत असतं, शिवाय 'नाही केलं तर लोक काय म्हणतील' हे असतंच. त्या अर्ध्या तासात ठराव उपयोगी पडत नाही, व्याख्यानही नाही. आत जाऊन 'राहू द्या, मी सांगते' म्हणणाऱ्या दोन बायका लागतात. एक नको, दोन. एकटीला नणंद-जावा बाजूला सारतात. त्यातली एक त्याच भावकीतली असावी. बाहेर पुरुषांत थोरल्या दिराला किंवा चुलत्याला आधीच गाठलेलं असावं, कारण आतून 'बाहेर विचारा' असं आलं की सगळं त्याच्यावर येतं.

ग्रामसभेचंही कौतुक बेतानेच. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तिथे पंचवीस पुरुषांनी हात वर केला की 'गावाने ठराव केला' अशी बातमी. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती पुष्कळ ठिकाणी रजिस्टरवरच्या सह्यांपुरती उरते. हा विषय महिला सभेत आधी झाला का, एवढं एक विचारा, ठरावाचा खरेपणा कळतो.

चुना_हळद

व्याख्यान म्हणजे मंच, माइक आणि तांब्या-भांडं हे कोणी ठरवलं? सत्यशोधकांनी तमाशाचा बाज उचलून जलसे केले. गाडगेबाबा आधी झाडूने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. लोक उत्तर देतात तिथे अडकतात, नुसतं ऐकून कोणी अडकत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे चमत्कार-प्रयोग त्याच जातीचे. पण तेही फसतात, आणि फसले की भोंदूचंच बळ वाढतं. हाताला चुन्याची निवळी लावून हळदीचं 'कुंकू' करतात, तो चुना ताजा हवा. उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मरतो, मग हळद पिवळीच राहते आणि लोक हसतात. मंत्राने होम पेटवण्यात पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन 'तूप' म्हणून सोडतात. डिसेंबरातल्या रात्री ग्लिसरीन घट्ट झालेलं असतं, खडे जाडे असतील तर अजून उशीर. निवेदकाने तेवढा वेळ बोलून भरावा, वाकून बघू नये. मुख्य चूक वेगळीच: प्रयोग दाखवतात, टाळ्या घेतात, उकल दोन वाक्यांत उरकतात. लोकांच्या लक्षात जादू राहते. हळदीचा प्रयोग गावातल्याच पोराकडून पुन्हा करून घ्यावा, होम मात्र प्रशिक्षित कार्यकर्त्यानेच पेटवावा.

आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची शिक्षा (सहा महिने ते सात वर्षं) सगळे सांगतात, तक्रार कुठे करायची ते कोणी सांगत नाही. कायद्यात दक्षता अधिकारी आहे, निरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी. त्याचा नंबर फळ्यावर लिहायला काय जातं?

पेठकरी

हे पटण्यासारखं. मग व्याख्यानमालेची घडी बदलूया. सत्कार शेवटच्या दिवशी, एकदाच. वक्त्याला 45 मिनिटं, प्रश्नांना 30. प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत, फिरत्या माइकवर नकोत. माइक हातात आला की माणूस प्रश्न विचारायचा सोडून स्वतःच भाषण ठोकतो, आणि बायका तर हातही वर करत नाहीत. चिठ्ठ्या वक्त्याने निवडू नयेत, नाहीतर अडचणीची चिठ्ठी खिशात जाते. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, म्हणून खेड्यात डेअरीवर दूध घालून झालं की लगेच सुरुवात. आठाच्या पुढे गेलं की प्रश्नोत्तरं गेलीच म्हणायची.

बांधावरचा

एवढं केलंत तर माझा निम्मा विरोध मावळेल. उरलेला राहतो, कारण व्याख्यानाला गेलो म्हणजे आपण सुधारक, असं खोटं समाधान मिळतं. सभागृहात टाळी वाजवणारा माणूस घरी मुलीचं लग्न पत्रिका बघूनच ठरवतो.

तिसरी रांग

तो तसाही पत्रिका बघणारच होता, त्याचं खापर व्याख्यानावर कशाला? पेठकरी, तुमच्या नव्या घडीत एक भर घाला. शेवटच्या दिवशी सत्काराऐवजी वहीत नावं घ्या: कुठल्या वाडीत कोणत्या दोन बायका मयताच्या घरी आत जातील. वही गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीकडे किंवा बचत गटाच्या अध्यक्षांकडे ठेवा, आयोजकांकडे नको. गावात कोणी गेलं की पहिली खबर त्यांनाच लागते.