लेंडी घट्ट आहे, तरीही शेळीच्या जबड्याखाली सूज का येत असावी?

प्रश्न – नवा शेळीपालक

नमस्कार. माझ्याकडे १४ शेळ्यांचा लहानसा कळप आहे. गेल्या आठवड्यापासून दोन शेळ्यांच्या जबड्याखाली मऊ सूज दिसते. सायंकाळी चरून परतल्यावर ती ठळक असते आणि सकाळी गोठ्यात पाहावे तर जवळजवळ ओसरलेली असते. प्रथम मला ते गळू वाटले. परंतु दाबल्यावर शेळी कण्हत नाही आणि बोट काढल्यावर तेथे क्षणभर खळगा राहतो. जंतांची शंका मी मनातून काढून टाकली आहे, कारण दोघींच्याही लेंड्या गोल व घट्ट आहेत, शिवाय संपूर्ण कळपाला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध मी न चुकता पाजतो आणि शेवटचे पाजून जेमतेम महिना झाला आहे. दोघींपैकी एक अलीकडे कळपाच्या मागे रेंगाळते. हा दाढेचा विकार असेल का?

उत्तर – जुना गोठा

ज्या दोन कारणांनी आपण जंतांची शंका सोडलीत, ती दोन्ही पुरेशी नाहीत. शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा हिमॉन्कस नावाचा जंत रक्त पितो. त्याने बहुधा हगवण लागत नाही, त्यामुळे लेंडी शेवटपर्यंत घट्ट राहू शकते. रक्तासोबत रक्तातील प्रथिनेही कमी होतात, मग पाणी वाहिन्यांतून झिरपून सर्वांत खालच्या जागी साचते. दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावरात ती जागा म्हणजे जबड्याखालची. रात्री मान वर राहते आणि सूज उतरते. गळू असे सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. या जंताची मादी लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. उबदार, दमट हवेत त्या अंड्यांतून आठवडाभरात संसर्ग करू शकणाऱ्या अळ्या तयार होतात आणि शेळीच्या पोटात गेल्यापासून साधारण तीन आठवड्यांत त्यांचे अंडी घालणारे जंत होतात. म्हणजे महिन्यापूर्वीचे औषध पूर्ण लागू पडले असते, तरीही नव्या संसर्गाला पुरेसा अवधी मिळालाच आहे.

आजच दिवसाच्या उजेडात सर्व चौदा शेळ्यांच्या खालच्या पापण्या किंचित बाहेर वळवून आतील रंग पाहावा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फमाचा’ नावाचा रंगतक्ता यासाठी वापरतात. त्यात १ म्हणजे लालबुंद आणि ५ म्हणजे कागदासारखे पांढरे. ४ आणि ५ ला औषध द्यावेच लागते, ३ ला जनावर पाहून निर्णय घ्यावा. करडू, गाभण किंवा दुभती शेळी असल्यास मी देतो. तक्ता छापील आणि न विटलेलाच हवा, आठवणीवर रंग ठरवू नये. पांढऱ्या पापणीच्या शेळीला मात्र पळवून पकडू नका. इतक्या कमी रक्तावर ती उभी असते की धावपळीनेच कोसळू शकते, आणि मग दोष उगाच औषधाला दिला जातो.

यकृतातील पर्णकृमीनेही अशीच सूज व असाच फिकेपणा येतो. शेळ्या दलदलीच्या, गोगलगायी असलेल्या जागी चरत असतील तर पशुवैद्यकांना ते आवर्जून सांगावे, कारण त्याचे औषध वेगळे असते.

उत्तर – काटा आणि नोंदवही

वरील उत्तरात एक महत्त्वाची बाब राहिली. औषध दिले याचा अर्थ औषध लागले असा होत नाही. आपण दर वेळी एकाच गटातील औषध पाजत असाल, तर त्याला दाद न देणारे जंत मागे उरतात, त्यांचीच अंडी रानात पडतात आणि काही वर्षांत कळपात तेच शिरजोर होतात. शेळ्यांचे वजन आपण कसे ठरवता? नजरेने ठरवलेले वजन बहुधा कमी पडते आणि अपुऱ्या मात्रेसारखी प्रतिकार वाढवणारी दुसरी गोष्ट नाही. ताणकाटा नसल्यास छातीचा घेर फितीने मोजून तरी अंदाज घ्यावा. शेळीचे शरीर बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, त्यामुळे मेंढीसाठी छापलेली मात्रा तिला अपुरी पडू शकते. ती किती वाढवायची हे पशुवैद्यकांनीच औषधागणिक ठरवावे, कारण लेव्हामिसोलसारख्या औषधात उपयुक्त आणि विषारी मात्रेतील अंतर थोडे असते. पाजताना सिरिंजचे तोंड गालाच्या बाजूने जिभेच्या मुळापर्यंत न्यावे, परंतु मान फार उंचावू नये, नाहीतर औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

औषधाची परीक्षाही करता येते. पाजण्याच्या दिवशी ताज्या लेंडीतील अंडी मोजून घ्यावीत आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजावीत. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर औषधावर संशय घ्यावा. जमिनीवर पडून राहिलेली लेंडी नेऊ नये. नमुना थेट गुदद्वारातून घेऊन थंड ठेवावा.

उत्तर – मोठा कळप

मला हे सारे फार किचकट वाटते. माझ्याकडे शंभरावर जनावरे आहेत आणि हाताशी एकच माणूस; प्रत्येकीची पापणी उलटत बसलो तर चारा कोणी कापायचा? ठरल्या तारखेला सरसकट औषध पाजावे आणि कळप लगेच न चरलेल्या रानात हलवावा, ही पद्धत मी अनेक वर्षे वापरतो आहे आणि माझे नुकसान झालेले नाही.

उत्तर – जुना गोठा

आपली अडचण मी नाकारत नाही, परंतु सरसकट पाजून लगेच स्वच्छ रानात नेणे हाच प्रतिकार वाढवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. औषधातून वाचलेले जंत तेवढे सोबत जातात आणि त्या कोऱ्या रानात त्यांच्याच अळ्या पेरल्या जातात. कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. उरलेल्या धडधाकट शेळ्यांना औषध न दिल्यास, औषधाला अजून बळी पडणारे त्यांच्या पोटातील जंत टिकतात, त्यांच्या अळ्या रानात मिसळत राहतात आणि दाद न देणारे जंत एकटे शिरजोर होत नाहीत. पापणी पाहायला एका शेळीमागे अर्धे मिनिट लागते, तेही गव्हाणीवर खात असताना. दमट दिवसांत दर दोन आठवड्यांनी, कोरड्या दिवसांत महिन्याने पाहिले तरी चालते. एक मर्यादा मात्र खरी: पापणीवरून केवळ रक्त पिणारे जंत ओळखता येतात. हगवण लागलेल्या करडाला कॉक्सिडिया (आतड्यातील सूक्ष्म एकपेशीय परजीवी) असेल, तर पापणी लाल असूनही ते दगावू शकते, आणि जंताचे औषध तेथे निरुपयोगी असते.

अळ्या गवताच्या बुडाशी, बहुतांश पहिल्या पाच-सात सेंटीमीटरांत असतात. म्हणून गवत मुळापर्यंत खुरटू देऊ नये आणि शेळीला झुडपांचा पाला जास्त मिळू द्यावा. मान वर करून खाणे हाच तिचा मूळ स्वभाव आहे.

पुढील माहिती – नवा शेळीपालक

सर्वांचे आभार. त्याच दिवशी पापण्या पाहिल्या: दोन शेळ्या ५, एक ४, तीन ३ आणि उरलेल्या आठ १ किंवा २. सुजेच्या दोघी अर्थातच ५ वाल्या निघाल्या. पशुवैद्यकांनी त्या दोघींना लगेच वेगळ्या गटातील औषध दिले. ४ वाल्या शेळीला मात्र त्यांच्या सल्ल्याने माझे नेहमीचेच औषध, या वेळी वजन करून, दिले आणि नमुने तपासले. प्रतिग्रॅम २४०० अंडी होती, ती बारा दिवसांनी १५०० झाली. म्हणजे जे औषध मी इतकी वर्षे निष्ठेने पाजत होतो, त्याने चाळीस टक्केही काम केले नाही. आता तिलाही औषध बदलून दिले आहे.

सूज असलेल्यांपैकी एकीची सूज पूर्ण उतरली. दुसरी, रेंगाळणारी, तीन महिन्यांची गाभण आहे. तिची पापणी अजून ४ वरच आहे. तिला औषधाची आणखी एक मात्रा द्यावी का?

उत्तर – काटा आणि नोंदवही

केवळ पापणीवरून घाईने देऊ नका. जंत गेले तरी रक्त भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून आधी तिच्या लेंडीतील अंडी मोजावीत. ती जवळजवळ नसतील, तर तिला औषधाची नव्हे, प्रथिनयुक्त खुराकाची आणि गोठ्यातच उभे राहून खाण्याची गरज आहे. व्यायच्या सुमारास शेळीची जंतांविरुद्धची ताकद घटते आणि अंडी अचानक वाढतात. तेव्हा शेवटच्या महिन्यात आणि व्याल्यावर तिची पापणी दर आठवड्याला पाहावी. औषध द्यावे लागलेच, तर ती गाभण असल्याचे पशुवैद्यकांना आधी सांगावे आणि दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवावे.