तित्तिर विरुद्ध शिक्रा : वजनाचं गणित उलटं आहे

काही जण म्हणतात की शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यापुढे तित्तिर म्हणजे आयतं जेवण. मला हे पटत नाही. आमच्या इंदूरजवळ रालामंडल अभयारण्याच्या बाजूला दोन्ही दिसतात, म्हणून लिहितो.

शिक्रा साधारण 100 ते 200 ग्रॅमचा, तर राखी तित्तिर 250 ते 340 ग्रॅमचा! शिक्र्याचं रोजचं खाणं सरडे, खारी, छोटे पक्षी, किडे. पिल्लं तो उचलेल, पण पूर्ण वाढलेला तित्तिर त्याला झेपणं अवघड. तित्तिराला खरी धास्ती बोनेली गरुडासारख्या मोठ्यांची.

गंमत म्हणजे पंख दोघांचेही आखूड, गोलसर. फरक वापरात आहे. शिक्रा झाडीत दबा धरून बसतो, अचानक झेपावतो आणि लांब शेपटीच्या जोरावर फांद्यांमधून वळतो. तित्तिर आधी पळतो. अगदीच गळ्याशी आलं तर फडफडाट करत उडतो, थोडं अंतर तरंगत जातो, उतरतो की पुन्हा पळ. त्याचे छातीचे स्नायू क्षणभर जबरदस्त जोर लावणारे, पण लवकर दमणारे.

आणि तित्तिर म्हणजे ‘जमिनीवरचा पक्षी’ असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. रात्री तो बाभळीसारख्या काटेरी झाडावर बसतो.

पिल्लांची तऱ्हा तर अगदी वेगळी. तित्तिराची अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात आईमागे चालायला लागतात. शिक्र्याची काही आठवडे घरट्यात बसून आयतं खातात. आयतं जेवण म्हणायचंच तर ते इथे.