वर्गाचे नियम पहिल्याच आठवड्यात लिहून द्यावेत का, आणि उशिरा येणाऱ्यांचे काय करावे?

प्रश्न : तासिका तत्त्वावरील अध्यापिका, नागपूर

नमस्कार. नागपुरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी यंदा प्रथमच रुजू झाले असून बी. कॉम.च्या तिसऱ्या सत्राला परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग, म्हणजे वस्तूचा किंवा सेवेचा खर्च काढण्याचा विषय) शिकवते. वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि माझी तासिका सकाळी आठची आहे. पहिल्या आठवड्यात मी चार नियम फळ्यावर लिहिले : दहा मिनिटांनंतर दार बंद आणि गैरहजेरी, मोबाइल टेबलावर जमा, मुदतीनंतर आलेल्या असाइनमेंटला शून्य गुण, आणि चॅटजीपीटीवरून उतरवलेले आढळल्यास तेही शून्य. सुरुवातीलाच सैल सोडले तर मुले डोक्यावर बसतील, असे विभागातील ज्येष्ठांनी सांगितले होते.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर सात विद्यार्थी उभे राहिले, आणि त्यांपैकी पाच जण उमरेड व कुहीकडून एसटीने येणारे होते. मी दार उघडले नाही. मात्र त्या तासाला माझे शिकवण्यात लक्ष लागले नाही, हे मान्य करते. नियम मागे घेतला तर शब्दाला किंमत राहणार नाही आणि ठेवला तर अन्याय होतो, असे वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, वाणिज्य

मॅडम, आधी हिशेब मांडून पाहू, कारण आपला विषयच हिशेबाचा आहे. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयाला एका श्रेयांकास पंधरा तास या प्रमाणात सत्रभरात साठ तासिका होतात. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची अट धरली तर विद्यार्थ्याला पंचेचाळीस तासिका हजर राहावे लागते, म्हणजे पंधरा तासिका चुकल्या तरी चालते. आता उमरेडचा विद्यार्थी आठवड्यातील चारपैकी दोन दिवस बारा-पंधरा मिनिटे उशिरा पोहोचतो असे समजा. पंधरा आठवड्यांत तो तीस वेळा गैरहजर ठरेल आणि त्याची उपस्थिती पन्नास टक्के भरेल. प्रत्यक्षात त्याने प्रत्येक तासिकेतील निदान तीन चतुर्थांश भाग ऐकला असता. जो विद्यार्थी घरी झोपून राहिला आणि जो ४५ किलोमीटर प्रवास करून दारापर्यंत आला, त्या दोघांची नोंद आपल्या हजेरीपटावर सारखीच होते. नियमातील दोष मला येथे दिसतो.

उपस्थिती ही विद्यापीठाची अट आहे, तर वेळेवर येणे ही आपली अपेक्षा आहे. एकीच्या उल्लंघनाची शिक्षा दुसरीच्या खात्यात टाकू नये. मी हजेरीपटावर उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे ‘उ’ लिहीत असे आणि आठवड्यात तीन ‘उ’ झाले की तासिकेनंतर त्याच्याशी पाच मिनिटे बोलत असे. त्या बोलण्यातूनच कुणाची बस उशिरा येते आणि कुणाला खरोखर आळस आहे, हे कळत असे. मागच्या दाराजवळची दोन बाके रिकामी ठेवा. उशिरा येणाऱ्याने परवानगी न विचारता, आवाज न करता तेथे बसावे. पहिल्या दहा मिनिटांत नवा भाग न घेता आदल्या दिवशीचे उदाहरण सोडवून घेतले, तर वेळेवर आलेल्यांची उजळणी होते आणि इतरांचा मूळ धागाही तुटत नाही.

नियम बदलल्याने शब्दाची किंमत जात नाही. का बदलला हे वर्गासमोर स्पष्ट सांगितले, तर ती वाढते असाच माझा अनुभव आहे.

उत्तर २ : माजी विद्यार्थी, काटोल तालुका

मी पदवीची तीन वर्षे गावातून नागपूरला ये-जा केली. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव मलाही आहे आणि त्यात अपमानापेक्षा असहायता अधिक असते, कारण बस वेळेवर आणणे आमच्या हातात नसते. आमच्या भागात आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात तेव्हा घरातील प्रत्येक हात बागेत लागतो. तेव्हाची अनुपस्थिती मात्र आधीपासून माहीत असते, म्हणून ती आठवडाभर आधी लेखी कळवण्याची अट घातली तर ती योग्यच ठरेल.

आणखी एक विनंती. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कशाला किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर द्यावे. आम्हाला ते सत्राच्या शेवटी कळत असे आणि तोवर सुधारण्याची वेळ निघून गेलेली असे.

उत्तर ३ : अध्यापक, नागपूर

उशिराबाबत वरील मतांशी सहमत आहे, पण मुदतीच्या बाबतीत मी कठोरच आहे. मुदत संपण्यापूर्वी कळवणाऱ्यास दोन दिवस वाढवून द्यावेत. नंतर कारण सांगणाऱ्याचे गुण दररोज थोडे कमी करावेत. एकदम शून्य दिल्यास तो काम करणेच सोडून देतो.

मोबाइल जमा करण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. माझ्या वर्गातील एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी फळ्याचा फोटो मोठा करून वाचत असे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशी वाजवी सोय देणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. फोन बंद करून दप्तरात ठेवावा आणि ज्यांना गरज आहे त्यांनी खासगीत सांगावे, एवढे पुरते. त्या मुलीला साऱ्या वर्गासमोर कारण सांगावे लागू नये, याची मला फार काळजी वाटते.

चॅटजीपीटीचा संशय सिद्ध करत बसण्यापेक्षा प्रश्नच बदला. ‘परिव्ययाचे प्रकार स्पष्ट करा’ असे विचारले तर उत्तर आयते मिळणारच. त्याऐवजी आपल्या चौकातील तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊन एका प्लेटचा खर्च काढायला सांगा : पोहे, तेल, गॅस, मजुरी, आणि दिवसाअखेर उरलेला माल कुठल्या खात्यात धरला. मग प्रत्येकाला तीन मिनिटे तोंडी विचारा. साठ जणांना १८० मिनिटे, म्हणजे तीन-चार तासिका लागतात, पण कुणी स्वतः काम केले हे पहिल्या मिनिटातच समजते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची ऋणी आहे. सरांचा हिशेब मी वर्गात मांडला आणि दाराचा नियम का मागे घेते, हेही सांगितले. नवे नियम व गुणांची विभागणी एका पानावर छापून दिली आहे. त्या पाच विद्यार्थ्यांपैकी एकीने तासिकेनंतर थांबून विचारले की, तिच्या मावशीची खानावळ आहे, तर ठेल्याऐवजी तेथील थाळीचा खर्च काढला तर चालेल का. मी होकार दिला आहे. आता एकच शंका उरते : घरच्याच व्यवसायात मजुरी कुणी रोखीने देत नाही, तेव्हा मावशीच्या श्रमाची किंमत तिने कशी धरावी, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सोप्या शब्दांत कसे समजवावे?