मदत हवी आहे: प्लेऑफच्या शीटमध्ये नोटर डेम तिसऱ्या नंबरावर का येते?

धांदरट:
कॉलेज फुटबॉल प्लेऑफसाठी बारा टीमची शीट बनवली आहे. रँकिंग टाकलं की सीड (प्लेऑफमधला मानांकन क्रमांक) आपोआप यायला हवेत. बाकी ठीक, पण नोटर डेम काही केल्या 3 वर येते. खरं सीड 7. रँकिंग तीनदा पुन्हा टाइप केलं. आज रात्री शीट पाठवायची आहे, लवकर सांगा.

चौथा डाउन:
सीझन कोणता? 2024 आणि 2025 चे नियम वेगळे आहेत. आणि सूत्र कुठाय? ते न बघता चूक कशी सांगणार?

मडगावचा गोलकीपर:
बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ 15-15 मिनिटांचा, मग पेनल्टी. शीटमध्ये गोलफरकाचा कॉलम ठेवा, सगळं सुटेल.

चौथा डाउन:
काका, हे अमेरिकन फुटबॉल आहे.

धांदरट:
2024 च आहे, अजून कोणता असणार. सी कॉलममध्ये कॉन्फरन्स (टीम ज्या लीगमध्ये खेळते ती), डी मध्ये निवड कमिटीची रँक, ई मध्ये चॅम्पियन हो/नाही. ई चं सूत्र मिनइफ्सनं: त्या कॉन्फरन्समधली सगळ्यात वरची रँक या टीमची असेल तर 'हो'. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, म्हणून तिच्यापुढे 'इंडिपेंडंट' लिहिलंय.

पावशेर:
सापडलं. शीटच्या लेखी 'इंडिपेंडंट' ही एक कॉन्फरन्स झाली आणि रँक 5 ची नोटर डेम तिची चॅम्पियन. त्या वर्षी इंडिपेंडंट तीनच: नोटर डेम, यूकॉन, यूमास. 2024 ला पहिले चार सीड वरच्या चार चॅम्पियनांनाच होते, म्हणून ऑरेगन, जॉर्जियाच्या मागोमाग ती 3 वर बसली. सी चा तो सेल रिकामा करा, काम झालं.

धांदरट:
आली 7 वर! धन्यवाद. धागा बंद केला तरी चालेल.

चौथा डाउन:
थांबा. 4 वर कोण दिसतंय? अ‍ॅरिझोना स्टेट की एसएमयू? आणि अलाबामा आत आहे का?

धांदरट:
एसएमयू. अलाबामा 11 वर. अलाबामा आधीपासून होती, मला वाटलं बरोबरच असेल.

चौथा डाउन:
म्हणजे दुखणं तसंच आहे, फक्त नोटर डेमपुरतं झाकलं गेलं. वरची रँक म्हणजे चॅम्पियन नव्हे. एसीसी या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये क्लेमसननं एसएमयूला 34-31 हरवलं, तरी अंतिम रँकिंगमध्ये एसएमयू 10 आणि क्लेमसन 16. तुमचं सूत्र एसएमयूला चॅम्पियन करतं, क्लेमसन बाहेर फेकली जाते आणि अलाबामा आत घुसते.

ई मधलं सूत्र काढून टाका, हातानं भरा. 'हो' फक्त ऑरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट, अ‍ॅरिझोना स्टेट, क्लेमसन यांना. हे पाच नक्की आत. उरलेल्या सात जागा रँकिंगनं. मग वरच्या चार चॅम्पियनांना 1 ते 4, आणि क्लेमसनसकट बाकी आठ टीम रँकिंगच्या क्रमानं 5 ते 12. टेक्सस 5, पेन स्टेट 6, नोटर डेम 7, शेवटी एसएमयू 11, क्लेमसन 12.

पावशेर:
हातानं भरायचं तर शीट कशाला? फायनलच्या निकालांचा वेगळा टॅब करा आणि विजेता तिथून उचला.

चौथा डाउन:
पाच 'हो' टाइप करायला अख्खा टॅब? त्यात पॅक-12 कॉन्फरन्समध्ये त्या वर्षी दोनच टीम, फायनल नाही. चॅम्पियन धरायला कॉन्फरन्समध्ये किमान आठ टीम लागतात. तो अपवादही सूत्रात घालणार का?

हिरवा टिळा:
नोटर डेम एसीसीत गेली तर ही कटकटच राहणार नाही. त्या सीझनला एसीसीच्या पाच टीमशी खेळली, पाचही जिंकली, पण एसीसीच्या तक्त्यात शून्य. वर घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून 16-14 हार. तरी 11-1 वर आत.

पावशेर:
का जाईल? त्या वर्षी आत येण्याचे 40 लाख डॉलर, क्वार्टर फायनलचे 40, सेमीचे 60, फायनलचे 60. दोन कोटी डॉलर, वाटेकरी कोणी नाही.

हिरवा टिळा:
2025 ला काय झालं मग? 10-2, रँक 11, तरी बाहेर. ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन चॅम्पियन म्हणून खालून आत आले.

धांदरट:
भांडणं नंतर. 2024 जुळलं सगळं. 2025 साठी काय बदलू?

चौथा डाउन:
फक्त शेवटची पायरी. पाच चॅम्पियनांची हमी तशीच, पण पहिले चार सीड त्यांच्यासाठी राखीव नाहीत. बारा टीम ठरल्या की सरळ रँकिंगनं 1 ते 12. इंडिपेंडंटला आता बाय (पहिल्या चार सीडना मिळणारी पहिल्या फेरीतून सूट) मिळू शकते. ट्युलेन 11, जेम्स मॅडिसन 12 आणि नोटर डेम यादीत नाही असं आलं तर शीट बरोबर.

मडगावचा गोलकीपर:
पण बरोबरी झाली तर?

पावशेर:
25 यार्डांवरून दोघांना एकेक संधी. तरी बरोबरी तर पुन्हा एकेक, पण टचडाउननंतर दोन पॉइंटचाच प्रयत्न करावा लागतो. तिसऱ्यांदापासून नुसते दोन पॉइंटचे प्रयत्न, आळीपाळीनं.

मडगावचा गोलकीपर:
म्हणजे पेनल्टीच की.