नाटकासाठी पहिल्यांदाच तलवार बनवतोय, पातं लोंबतंय, काय करू?

चोपड्याचा_मामा
राम राम मंडळी. माझा भाचा सहावीत आहे, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला त्यांच्या शाळेत छोटं नाटक आहे आणि त्यात तो मावळा झालाय. बाजारातली प्लास्टिकची तलवार आणली ती दोन दिवसांत मुठीपासून तुटली, म्हणून म्हटलं घरीच बनवू. याआधी हातानं असं कधीच काही केलेलं नाही. पहिली पुठ्ठ्याची केली, तीन थर चिकटवून, दिसायला बरी होती पण आडवी धरली की टोक खाली लोंबायचं. दुसरी थर्माकोलची, दोन संध्याकाळी बसून कापली घासली, आणि चंदेरी स्प्रे मारला तर पातं डोळ्यांदेखत विरघळायला लागलं, खड्डेच खड्डे. आता घरात आहे ते असं, ठिबकच्या १६ एमएम नळीचे तुकडे, अर्धा इंची पीव्हीसी पाईप चारेक फूट, कटर, आणि पोरांची जुनी फोमची पझल मॅट. समोरचा पोरगाही एवढाच आहे आणि दोघं तलवारीवर तलवार मारणार आहेत, त्यामुळे कुणाला लागायला नको हे सगळ्यात आधी. जाणकारांनी सांगा.

विंगेतला_जळगाव
भाऊ, पुठ्ठा आणि थर्माकोल दोघांना कणा नाही, म्हणून हे झालं. तुमच्याकडचा पीव्हीसी पाईप हाच कणा. अकरा-बारा वर्षांच्या पोराला एकूण सत्तर सेंमी पुरे, त्यातले पंधरा मुठीचे. पीव्हीसी साधारण ८० अंशाला मऊ पडतो म्हणजे उकळतं पाणी चालतं, गॅसवर धरायची गरजच नाही. गॅसवर धरून काळा पडला, धूर आला तर तो धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. पाईपाला खालून घट्ट बूच मारा, अंगणात उभा धरून उकळतं पाणी भरा, दोनेक मिनिटांनी ओतून द्या आणि लगेच दोन फळ्यांमध्ये ठेवून वर उभे राहा. मुठीचा भाग फळीबाहेर ठेवायचा, तो गोलच हवा. हातात गोणपाट घ्या, पोरांना लांब ठेवा. थंड झाला की आकार पक्का बसतो, नाही बसला तर परत पाणी. अर्ध्या इंची पाईप चपटा केला की तीन-सव्वातीन सेंमी रुंदी मिळते, तलवारीला एवढीच लागते. फक्त पाईप पिवळसर सीपीव्हीसी असेल, गरम पाण्याच्या लाइनीचा, तर तो घेऊ नका, तो उकळत्या पाण्यानं वाकत नाही.

मग दोन्ही बाजूंनी फोम. पझल मॅट जाड असते, एक सेंमीची, कटरनं मधून उभी चिरली की अर्धी होते. महत्त्वाचं म्हणजे पाईप टोकाच्या एक इंच आधी संपवायचा, पुढे नुसता फोम, आणि टोक गोल. डोळ्याजवळ गेलं तरी तिथे दाबलं जाणारंच असायला पाहिजे. आमच्याकडे एका तालमीत टोकापर्यंत पाईप होता, पोराच्या भुवईला दोन टाके पडले, तेव्हापासून मी तलवार हातात घेतली की आधी टोक दाबून बघतो.

रावेरचा_केळीवाला
ठिबकची नळी फेकू नका, मुठीवर बोटांपुढून वळून येते ती परज, म्हणजे बोटं झाकणारी कड, तिचीच करा, वाक एकदम बरोबर येतो. पण ती पॉलिथिनची असते, तिला कुठलंच सोल्युशन धरत नाही, मी फेव्हिबाँड लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी सालीसारखं सुटून आलं. तिला आरपार भोकं पाडून तारेनं बांधा, तारेची टोकं आत वळवा, वरून कापडाची पट्टी गुंडाळा, कापडावर फेव्हिकॉल आणि मग रंग.
आणि फोमला सोल्युशन लावताना भो, दोन्ही बाजूले पातळ हात मार आन् त्याले सुकू दे, बोटाला चिकटायचं बंद झालं की मगच दाब. ओलं दाबलं की सरकतं.

गडवाट_धुळे
आकाराबद्दल बोलतो, कारण यात लोक फार चुकतात. मावळ्याच्या हातात ती चंद्रकोरीसारखी पोटात रुंद तलवार देऊ नका, तशी फक्त कॅलेंडरवर असते. मराठ्यांची धोप सरळ पात्याची, तुमचा पाईप सरळच आहे, म्हणजे धोपच करा, सोपं पडेल. मुठीच्या शेवटी, पात्याच्या उलट टोकाला, वाटीसारखी गोल चकती येते, तिच्यासाठी डबीचं पत्र्याचं झाकण घ्या, कडा एमसीलनं बुजवून. मुल्हेर आपल्या शेजारीच, बागलाणात, तिथल्या तलवारींच्या मुठी एके काळी नावाजलेल्या होत्या, त्यामुळे खान्देशातल्या माणसानं मूठ तरी नीट करावी असं मला मनापासून वाटतं. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालयात शस्त्रं बघा, चकती आणि परज कुठे जुळते ते समोर बघूनच कळतं. पात्यावर मधोमध उथळ नाळ, म्हणजे लांब खोबण, पाडा, फोमवर जाड बॉलपेन दाबून दोन समांतर रेघा ओढल्या तरी लांबून खरी वाटते.
आणि कुणी लोखंडी पट्टी घासून घ्या म्हणालं तर ऐकू नका. घरच्या-शेतीच्या कामाची अवजारं सोडली तर ९ इंचापेक्षा लांब पात्याची धारदार हत्यारं आर्म्स ॲक्टमध्ये येतात, आणि पोराच्या हातात ती द्यायचीच कशाला.

विंगेतला_जळगाव
रंगाचं राहिलं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, फोमला तसं होत नाही पण फोम रंग पितो आणि वाकला की तडे जातात. हेअर ड्रायर फिरवून फोम आधी गरम करा, पृष्ठभाग जरा चकचकीत दिसायला लागेल, मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. त्यावर काळा ॲक्रिलिक, आणि चंदेरी नुसता स्पंजनं वरवर. पूर्ण चंदेरी केली की स्टेजच्या लाइटमध्ये पांढरी पट्टी दिसते.

चोपड्याचा_मामा
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पाणी उकळून पाईप दाबला, दुसऱ्या वेळी बसला, सरळ आला. परज तारेनं बांधली. एकच अडचण, हातात घेतली की फारच हलकी वाटते, भाचा काठीसारखी फिरवतो.

विंगेतला_जळगाव
खऱ्या तलवारीचं वजन किलोच्या आसपास असतं, तेवढं पोराला द्यायचं नाही. मुठीच्या पोकळ भागात कोरडी वाळू भरा, वर आणि खाली एमसीलनं बंद करा, वजन हाताजवळ येईल आणि टोक हलकंच राहील. आणि भाच्याला सांगा, वार समोरच्याच्या अंगाच्या बाहेर हातभर अंतरावर थांबवायचा, एक-दोन-तीन मोजत. तालीम रोज दहा मिनिटं, दोघांची एकत्र. रंगवलेली तलवार गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडचं ऊन म्हणजे सोल्युशन सुटतं.

चोपड्याचा_मामा
वाळू भरली, आता भाचा ती दोन्ही हातांनी धरतो. समोरच्या पोराच्या घरी दुसऱ्या तलवारीचा पाईप आज देऊन आलो.